छतावरचे ऊन आणि रात्रीची वीज

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजना’ जाहीर केली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मंत्रिमंडळाने तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवावयाची, असा हा संकल्प आहे. दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार आणि एका घरास अधिकांत अधिक ७८ हजार रुपये, असे अनुदानाचे प्रमाण ठरले. यापूर्वी २०२२ अखेर देशातील छतांवर ४० हजार मेगावॅट उभे करण्याचा जो संकल्प सोडण्यात आला होता तो निम्मासुद्धा सिद्धीस गेला नव्हता. त्या मानाने या खेपेचा वेग बरा आहे, आणि गुजरातच्या पाठोपाठ महाराष्ट्रही त्यात मागे नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि योजनेच्या नावातील ‘मोफत’ हा शब्द एका अडचणीच्या प्रश्नावर पांघरूण घालतो. सूर्य सायंकाळी मावळतो आणि घरातील विजेचा खरा वापर त्यानंतर सुरू होतो. मधल्या काळात दुपारची वीज ठेवावयाची कोठे आणि ती ठेवण्याचे भाडे द्यावयाचे कोणी? अनुदानाचे सारे गणित पॅनेलपुरते आहे. बॅटरीसाठी त्यात एक पैसाही नाही. दिवसाची सोय सरकारने लावली, रात्र मात्र ज्याची त्याने पाहून घ्यावी, असा याचा सरळ अर्थ होतो.

वहीतली बरोबरी

एखाद्या शिक्षक-कारकून दांपत्याचे घर डोळ्यांपुढे आणावे. गच्चीवर तीन किलोवॅटचा संच आहे. त्यासाठी सुमारे तीनशे चौरस फूट जागा गेली. स्वच्छ उन्हाच्या दिवशी तो बारा युनिट वीज देतो आणि त्यातला मोठा हिस्सा सकाळी दहा ते दुपारी तीन या पाच तासांत तयार होतो. या पाच तासांत घराला कुलूप असते. एक जण कचेरीत, दुसरे शाळेत, मुले वर्गात. घरात चालू असतो तो एकटा फ्रीज. संध्याकाळी सारी मंडळी परतली, दिवे लागले, पंखे, दूरदर्शन, गिझर, उन्हाळ्यात एखादे वातानुकूलन यंत्र सुरू झाले, की गच्चीवरची पॅनेल काळी काच होऊन पडलेली असतात.

ही विसंगती आजवर नेट मीटरने झाकली आहे. दुपारी दिलेला युनिट आणि रात्री घेतलेला युनिट यांची वजाबाकी करून उरेल तेवढ्याचेच बिल द्यावयाचे, अशी ही पद्धत. ग्राहकाच्या दृष्टीने वितरणाची तार म्हणजे जणू फुकटची कोठीच. परंतु तारेत काहीही साठत नाही. दुपारी दोन वाजता गच्चीवरून निघालेली वीज त्याच क्षणी शेजारच्या घरातील मिक्सरमध्ये किंवा गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीत खर्च होऊन जाते, आणि रात्री आठला घरात येणारा युनिट चंद्रपूरचा कोळसा जाळून किंवा कोयनेचे पाणी सोडून नव्याने निर्माण करावा लागतो. दोन युनिटांची बरोबरी होते ती फक्त हिशेबाच्या वहीत. गच्च्या थोड्या होत्या तोवर हा उदारपणा वितरण कंपनीस सहज परवडला. लाखो गच्च्यांचा प्रश्न आला की वही आणि वस्तुस्थिती यांतील अंतर कोणीतरी रोख भरून काढावे लागते.

महाराष्ट्रात या अंतराची जाणीव होऊ लागली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी १६ हजार मेगावॅटचे सौर प्रकल्प उभारावयाचे आहेत. म्हणजे येत्या काही वर्षांत राज्यात दुपारच्या विजेची ददात राहणार नाही. टंचाई पडेल ती दिवेलागणीनंतर. १ जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरास घरगुती ग्राहकांनाही युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली, ती याच कारणाने. एके काळी रात्रीची वीज स्वस्त आणि दिवसाची महाग असे. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प त्याच हिशेबावर बांधला गेला : रात्री स्वस्त विजेने पाणी वर चढवावयाचे आणि मागणीच्या वेळी खाली सोडावयाचे. आता घड्याळ उलटे फिरले आहे. ज्या मालाचा दुपारी सुकाळ होणार, तो माल दुपारी देऊन रात्रीचा महागडा माल त्याच भावात मागण्याचा हक्क फार दिवस अबाधित राहील, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. २०२५ च्या दरनिश्चितीच्या वेळी ही चर्चा नुसती सुरू झाली तर गच्चीवर संच बसविलेल्या घरांतून धास्ती पसरली. केरळात त्याच वर्षी नियामक आयोगाच्या मसुद्यात मोठ्या छतसंचांना बॅटरीची अट सुचविण्यात आली, तेव्हा तेथील ग्राहकांनी कडाडून विरोध केला.

वीज गेली की पॅनेलही गेली

पैशाच्या हिशेबाइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत आणि ग्राहक सहसा विचारीत नाहीत. नेट मीटरवरील साध्या संचाची वीज, बाहेरचा पुरवठा खंडित होताच, तत्क्षणी बंद पडते. भर दुपारी, लख्ख उन्हात, गच्चीवर तीन किलोवॅटची पॅनेल असताना खाली पंखा फिरत नाही. यात संचाचा दोष नाही. खांबावर चढलेल्या वायरमनने तार निर्जीव समजून हात लावावा आणि कुणाच्या तरी गच्चीवरून उलट आलेल्या विजेने त्याचा घात व्हावा, असे घडू नये म्हणून इन्व्हर्टरने स्वतःस बंद करून घेणे नियमानेच बंधनकारक आहे. नियम योग्यच आहे. परंतु दीड-दोन लाख रुपये खर्चून ‘आता आपण विजेच्या बाबतीत स्वयंपूर्ण झालो’ अशा समजुतीत असलेल्या माणसाला पहिल्या खंडित पुरवठ्याच्या दिवशी जो धक्का बसतो, त्याची जबाबदारी कोणाची?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब भुईसपाट झाले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. विहिरीत पाणी होते, पंप बंद होता. भ्रमणध्वनी होते, ते भारित करण्याची सोय नव्हती. अशा वेळी नेट मीटरवरील पॅनेल वाऱ्यातून वाचली असती तरी त्यांचा उपयोग शून्य झाला असता. बॅटरी आणि तिच्याशी जुळणारा हायब्रिड इन्व्हर्टर जोडलेला असेल, तर मात्र घर बाहेरच्या तारेपासून स्वतःस तोडून घेते आणि आपल्यापुरते दिवे, पंखे, पंप आणि इन्सुलिनची कुपी ठेवलेला फ्रीज चालू ठेवू शकते. कोकणातल्या घराला बॅटरीचे मोल विचारावयाचे ते रुपये-पैशांत नव्हे, हे पुण्या-मुंबईत बसून हिशेब मांडणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

घरात बॅटरी ठेवणे ही मराठी मध्यमवर्गाला नवी गोष्ट नाही. २००५ पासून पुढची सात-आठ वर्षे भारनियमनाने राज्याला ज्या प्रकारे छळले, त्या काळात सोफ्याच्या मागे किंवा जिन्याखाली इन्व्हर्टर आला आणि तो तेथेच राहिला. २००६ साली पुण्यातील उद्योगांनी आपले जनित्रसंच चालवून वाचविलेली वीज शहराला द्यावी व तिचा जादा खर्च ग्राहकांनी सोसावा, असा ‘पुणे पॅटर्न’ही होऊन गेला. खात्रीच्या विजेसाठी चार पैसे अधिक मोजण्यास लोक तयार असतात, हे तेव्हाच दिसून आले होते. त्या काळातील १५० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवी. टिकून राहावी म्हणून प्रत्यक्षात त्यातले निम्मेच वापरावे लागे. दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावयाचे आणि चार-पाच वर्षांनी जुनी बॅटरी देऊन नवी आणावयाची, हा क्रम पुष्कळ घरांत आजही चालू आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीने हे चित्र पालटले आहे. ती नव्वद टक्क्यांपर्यंत रिती करता येते, पाणी मागत नाही, आणि तिच्यावर दहा वर्षांची हमी मिळू शकते. लिथियम बॅटरीसंचाची जागतिक सरासरी किंमत २०१० साली किलोवॅट-तासाला हजार डॉलरांच्या वर होती; २०२४ मध्ये ती ११५ डॉलरांवर आली. अर्थात हा कारखान्यातील संचाचा भाव झाला. घराच्या भिंतीपर्यंत पोचेतो इन्व्हर्टर, पेटी, जोडणी, कर आणि दलाली यांनी तो कितीतरी पटींनी फुगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर पॅनेलवरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर उतरला, बॅटरीवर मात्र तो अठरा टक्के राहिला. दिवस स्वस्त आणि रात्र महाग करण्यास करपद्धतीनेही हातभार लावला आहे, तो असा.

युनिटमागे साडेसात रुपये

बॅटरी घ्यावी की न घ्यावी याचा हिशेब फारसा कठीण नाही. तो मांडून दाखविण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाही. समजा, पाच युनिटांची बॅटरी बसविण्यास एक लाख रुपये पडले. तीतून रोज साडेचार युनिट वापरावयास मिळतात आणि पावसाळ्याचे मळभाचे दिवस वगळता वर्षातून तीनशे दिवस ती पुरती भरते, असे धरू. दहा वर्षांत साडेतेरा हजार युनिट तिच्यातून ये-जा करतील. म्हणजे एक युनिट दुपारपासून रात्रीपर्यंत सांभाळण्याचे भाडे सुमारे साडेसात रुपये झाले. यात व्याज धरलेले नाही आणि साठवणीत होणारी दहा टक्क्यांची घटही नाही.

आता हे भाडे कशातून सुटावयाचे? नेट मीटर असेल तर दुपारच्या युनिटाबद्दल रात्री पूर्ण युनिट मिळतो. फरक शून्य आणि बॅटरीची आर्थिक कमाईही शून्य. उलट उद्या दुपारचा युनिट तीन रुपयांना विकत घेतला जाऊ लागला आणि रात्रीचा अकरा रुपयांना पडू लागला, तर फरक आठ रुपयांचा होईल, आणि बॅटरी जेमतेम आपले पैसे काढील. राज्यात शंभर युनिटांच्या आतला दर आणि त्यापुढचा दर यांत जवळजवळ दुपटीचे अंतर आहे. ज्याचे मासिक बिल शंभर युनिटांच्या आत राहते, त्याला तर या व्यवहारातून काहीही लाभ होण्यासारखा नाही. तात्पर्य, आज केवळ बिल वाचविण्यासाठी बॅटरी घेणारा मनुष्य तोट्यात जाईल. आणि खात्रीच्या पुरवठ्यासाठी ती घेणाऱ्याने तिची गणना फायद्यात न करता विम्याच्या हप्त्यात करावी.

ऑस्ट्रेलियाची पंधरा वर्षे

या रस्त्याने आपल्या पुढे कोणी गेले आहे काय, असे पाहू गेले तर ऑस्ट्रेलियाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथे आज तीन घरांमागे एका घरावर सौर पॅनेल आहेत. २०२४ अखेर छतसंचांची संख्या चाळीस लाखांच्या पुढे गेली होती. आरंभ झाला तो अतोनात उदारपणाने. न्यू साउथ वेल्स राज्याने २०१० साली गच्चीवर तयार झालेल्या प्रत्येक युनिटाला साठ सेंट देऊ केले. लोकांची झुंबड उडाली, तिजोरी हादरली, काही महिन्यांतच दर खाली आणावा लागला, आणि २०१६ च्या अखेरीस ती योजना बंद झाली. व्हिक्टोरिया राज्यात छतावरच्या विजेला द्यावयाचा किमान दर उतरत उतरत २०२५-२६ साली एका सेंटाच्या पंचविसाव्या हिश्शावर आला. फुकट म्हणावयाची लाज वाटली म्हणूनच काय तो आकडा ठेवला असावा. दक्षिण ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २०२३ रोजी तर अर्धा तास असा आला, की त्या अख्ख्या राज्याच्या गरजेपेक्षा छतांवरची वीजच अधिक होती. सिडनीच्या बाजूस वीज वाहून नेणाऱ्या ऑसग्रिड कंपनीने जुलै २०२४ पासून सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत ठराविक मर्यादेपलीकडे तारेत सोडलेल्या विजेवर उलट आकारच बसविला आणि संध्याकाळी दिलेल्या विजेला मोबदला ठेवला. म्हणजे ज्या मालाला पंधरा वर्षांपूर्वी साठ सेंट मिळत, तो घेऊन जाण्याबद्दल आता हमाली मागितली जाऊ लागली.

साहजिकच लोक बॅटरीकडे वळले, आणि सरकारही. १ जुलै २०२५ पासून तेथील केंद्र सरकारने घरगुती बॅटरीवर सुमारे तीस टक्के सूट देण्यास आरंभ केला. त्यासाठी २.३ अब्ज डॉलर काढून ठेवले होते. मागणी अंदाजापलीकडे गेली. लोकांनी अपेक्षेहून मोठ्या बॅटऱ्या घेतल्या. डिसेंबरात ती तरतूद ७.२ अब्जांवर न्यावी लागली आणि २०३० पर्यंत वीस लाख बॅटऱ्यांचे लक्ष्य पुढे आले. ऑस्ट्रेलियाने पंधरा वर्षांत दोनदा अनुदान दिले, असेही याचे वर्णन करता येईल : एकदा दुपारची वीज वाढविण्यासाठी आणि दुसऱ्यांदा तीच दुपारची वीज आवरण्यासाठी. श्रीमंत देशाला हे परवडले. आपल्याला दोनदा पैसे मोजणे परवडणारे नाही, म्हणूनच पहिल्या अनुदानाच्या वेळीच दुसऱ्याचा विचार व्हावयास हवा होता.

शेजारच्या पाकिस्तानात याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. महागड्या आणि बेभरवशाच्या विजेला कंटाळलेल्या लोकांनी तेथे कोणाच्या योजनेची वाट पाहिली नाही. २०२४ या एका वर्षात सुमारे १७ हजार मेगावॅटची पॅनेल त्या देशात आयात झाली. ज्यांना परवडले ते वीजकंपनीचे गिऱ्हाईक राहिले नाहीत, किंवा नावापुरते राहिले. वीजकेंद्रांचे करार, तारा, रोहित्रे यांचा खर्च मात्र होता तेवढाच राहिला, आणि तो ज्यांच्याकडे गच्ची नाही व पैसाही नाही अशा उरलेल्यांच्या बिलात जाऊन बसला.

गच्ची नसलेल्यांचे काय?

हा मुद्दा महाराष्ट्राला विशेष झोंबणारा आहे. गच्चीवर पॅनेल आणि भिंतीवर बॅटरी, ही ज्याचे स्वतःचे स्वतंत्र घर आहे त्याची चैन आहे. मुंबईच्या चाळीत, कल्याण-डोंबिवलीच्या सदनिकेत किंवा नाशिक-औरंगाबादकडे भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने काय करावे? (औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, घरभाड्याचा प्रश्न मात्र आहे तसाच राहिला.) गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजारांचे अनुदान आहे, परंतु त्यातून जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालतो, चौथ्या मजल्यावरील बिऱ्हाडाचे बिल त्याने उतरत नाही. प्रत्येक घरमालकाला त्याच्या खाजगी बॅटरीसाठी सरकारी पैसा देण्याची जी मागणी आता सुरू झाली आहे, ती मान्य करणे म्हणजे ज्याला गच्ची आहे त्यालाच पुन्हा ताटभर वाढणे होय.

याहून शहाणपणाचा मार्ग उपलब्ध आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१८ साली मेडो स्प्रिंग्ज या वस्तीत वितरण कंपनीने स्वतःच ४२० युनिटांची एक बॅटरी उभी केली आणि पन्नासएक घरांना तीत प्रत्येकी आठ युनिटांची जागा दिवसाला एक डॉलर भाड्याने दिली. दुपारी जमा करावे, संध्याकाळी काढावे. बॅटरीची देखभाल, आगीची काळजी, विल्हेवाट, सारे कंपनीकडे. दिल्लीत किलोकरी येथे २०२५ मध्ये वीस मेगावॅटची, दोन तास पुरवठा करू शकणारी बॅटरी वितरणाच्या उपकेंद्रातच बसविण्यात आली आहे. वस्तीच्या रोहित्रापाशी किंवा उपकेंद्रात ठेवलेल्या बॅटरीचा लाभ गच्ची असलेल्याला मिळतो तसाच नसलेल्यालाही मिळतो. सायंकाळचा भार हलका होतो, रोहित्रे जळण्याचे प्रमाण उतरते, आणि घाऊक खरेदीमुळे किंमतही कमी पडते. महावितरणने मोठ्या बॅटऱ्यांचा विचार वीजनिर्मितीच्या बाजूने चालविला आहे. तो आळी आणि वस्तीच्या बाजूनेही झाला पाहिजे. चक्रीवादळाच्या टापूतील शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामपंचायतीचा पाण्याचा पंप यांच्यापुरते खास अनुदान द्यावे, त्याला कोणी हरकत घेणार नाही.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. जुनी शिशाची बॅटरी भंगारवाला हसत घेऊन जातो, कारण शिशाला भाव आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या मेलेल्या बॅटरीत त्याला विकण्याजोगे फारसे काही सापडत नाही. २०२२ चे बॅटरी कचरा नियम ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकतात, पण आज भिंतीवर बसणाऱ्या कित्येक पेट्यांतील घट चीनमधून येतात आणि वरचे नाव उद्या टिकेल की नाही याची शाश्वती नसते. देशात पन्नास हजार मेगावॅट-तासांचे घट बनविण्यासाठी २०२१ साली १८,१०० कोटींची योजना मंजूर झाली होती. तिची गती रेंगाळलेली आहे.

राहता राहिला प्रश्न आज निर्णय घ्यावयाचा आहे त्या गृहस्थाचा. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते, बँकेच्या कर्जाचे हप्ते काही वर्षांचे असतात, आणि ज्या नेट मीटरच्या भरवशावर हा सारा व्यवहार बेतलेला आहे त्याच्या अटी मात्र प्रत्येक दरनिश्चितीच्या वेळी टांगणीला लागतात. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ मध्ये छतावरच्या विजेचा मोबदला एकदम पाऊण हिश्शाने उतरविला, पण तो नव्या ग्राहकांपुरता. आधीच्यांना दिलेला वीस वर्षांचा शब्द तेव्हा मोडला नाही. नवे ग्राहक त्यानंतर मोठ्या प्रमाणावर पॅनेलबरोबरच बॅटरी घेऊ लागले, कारण त्यांना आरंभीच सारे गणित ठाऊक होते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने आज संच बसविणाऱ्याला त्याच्या अटी किती वर्षे कायम राहतील ते लेखी सांगावे, आणि पुढच्याला कोणत्या तारखेपासून वेगळा हिशेब लागू होईल तेही आधीच जाहीर करावे. योजनेच्या अर्जावर एक ओळ आणखी छापावयास हरकत नाही : बाहेरची वीज गेल्यास हा संच बंद पडेल.